परमिट सुकरामच्या नावावर

माझी सून सबस्टेशन चालवते. हे मी माणसाला पहिल्याच भेटीत सांगतो. एसटीत शेजारी बसलेल्याला सांगतो, शहाद्याच्या चष्म्याच्या दुकानात सांगतो, लग्नाच्या पंगतीत तर भात वाढणाऱ्यालाही थांबवून सांगतो. माझा मुलगा हेमकांत म्हणतो, "आबा, पुरे करा आता, लोक हसतात." हसू देत. त्यांच्या सुना काय चालवतात ते मला माहीत आहे.

मी हिंमतराव. म्हसावदच्या अलीकडे आमचं गाव. केळी, पपई, थोडा कापूस, अशी चौदा एकर जमीन. शेत आता हेमकांत बघतो आणि मी संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर बसतो. त्या ओट्यावर मला एक वाईट सवय लागली होती. लोकांना कोड्यात पाडायची. म्हणजे उखाणे नव्हेत, जिवावरचे सवाल. तापीला पूर आहे, नाव बुडतेय, एका हाताला तुझी आई, दुसऱ्या हाताला तुझा मुलगा, कोणाला धरशील? पटकन सांग! दोघांना साप चावला, इंजेक्शन एकच आहे, कोणाला देशील? माणूस गडबडला, डोकं खाजवायला लागला, की मला गंमत वाटायची. माझं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं: आपलं माणूस आधी, मग जग. हे मी मांडी ठोकून सांगायचो आणि चार माणसं माना डोलवायची.

एकाच माणसाने मला उलटं धरलं. नवनीतभाई. त्यांची केळी पॅक करायची मोठी शेड आमच्या गावाबाहेर आहे. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हिंमतराव, आता माझा सवाल घ्या. नावेत तुमची बायको आणि तुमचं नाक. कोणाला वाचवाल?" ओटा असा हसला की मारुतीलाही ऐकू गेलं असेल. मी चप्पल घातली आणि घरी आलो. तेव्हापासून नवनीतभाईंशी बोलणं बंद. नसलेल्या नावेवरून आम्ही दोन म्हातारे तीन वर्षं एकमेकांकडे बघत नव्हतो, आता बोला!

तर दामिनी. माझी सून. माहेर प्रकाशाकडचं, आयटीआय केलेली, इलेक्ट्रिशियन. लग्न ठरलं तेव्हा मी मनात म्हटलं, मुलगी शिकलेली आहे, ठीक आहे, घरातले पंखे दुरुस्त करील. तिने वर्षभरात परीक्षा दिली आणि वीज कंपनीत ऑपरेटर म्हणून लागली. आमच्यापासून तीन किलोमीटरवर सबस्टेशन. तीन पाळ्या. स्कूटीवर डबा अडकवून जाते. तेहतीस हजार व्होल्टची लाईन तिथे येते आणि तिथून गावागावाला जाते. अशा एकेका लाईनला ते फीडर म्हणतात. कोणता चालू करायचा, कोणता बंद, ते तिच्या हातात.

नवी नवरी असताना एकदा मी तिलाही सवाल टाकला. विहिरीत गॅस झालाय, दोघं आत पडलेत, दोर एक आहे, कोणाला काढशील? पटकन! तिने पदर सावरला आणि विचारलं, "विहीर कितली खोल शे, आबा? दोर कितला लांब? वर आखो कोन कोन शे?"

म्हटलं, "असं इचारानं नही वं! दोन मानसं, एक दोर, बस."

ती म्हणाली, "मंग त्यामाईन मन्हा भरवशावर कोन उतरना व्हता, तेवढं तरी सांगा."

मी चिडलो. ओट्यावर जाऊन सांगितलं, आमच्या सुनेला सरळ उत्तर देता येत नाही. सगळे हसले, मीही हसलो.

तिची कामाची तऱ्हा घरातही तशीच. एकदा मी गच्चीवर चढून डिशची वायर बघत होतो. खाली आलो तर ही जिन्याच्या पायरीवर बसलेली, मुठीत मेन बोर्डाचा फ्यूज. दीड तास घर बंद. अनुसया, म्हणजे माझी बायको, पंख्याविना घामाघूम. मी म्हटलं, "अवं, मी केव्हाच काम आटपं, वर गच्चीवर हवा खाई ऱ्हायंतू!" ती म्हणाली, "तुम्ही मले येऊन सांगं नही, आबा." म्हणजे मी स्वतः खाली उतरून, तोंडाने सांगेपर्यंत फ्यूज मुठीतच. याला काय म्हणावं? मी तिला त्या दिवशी खडूस म्हटलं.

नंतर मला तिने समजावलं की त्यांच्याकडे असंच असतं. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करते, कुलूप लावते, वहीत त्याचं नाव आणि वेळ लिहिते. काम झालं की त्याच माणसाने, स्वतः येऊन किंवा स्वतःच्या आवाजात फोन करून, परमिट परत करायचं. त्याच्या भावाने नाही, साहेबाने नाही, सरपंचाने तर नाहीच. तो सांगत नाही तोवर लाईन मेलेली.

आता अनुसयाचं सांगतो. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून तिच्या फुप्फुसांचं वाटोळं झालं. त्यातच दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया. तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. विजेवर चालतं. नाकात नळी आणि बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र. आकडा नव्वदच्या वर असला की आम्ही जेवतो, खाली आला की घास उतरत नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर, आणि त्याच्या मागे एक सिलिंडर. दामिनीनेच सगळं लावून दिलेलं.

या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दोनला असं वादळ सुटलं की शेजारच्या शेतातली केळी आडवी झाली. लाईट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला. सिलिंडर भरायला हेमकांत सकाळीच शहाद्याला गेला होता. मी म्हटलं, येईल लाईट अर्ध्या तासात. पण इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्याने खाल्लेली होती. पावणेतीनला ती कुईकुई करायला लागली, तीनला पाच कमी असताना गप्प. मशीनही गप्प. बोटावरचा आकडा एकोणनव्वद, सत्त्याऐंशी, चौऱ्याऐंशी. अनुसयाचे ओठ काळे पडायला लागले. ती माझ्याकडे बघत होती.

मी सबस्टेशनला फोन लावला. आपली सून तिथे, मला कसली भीती!

"हॅलो, सबस्टेशन. ऑपरेटर दामिनी बोलतेय."

"दामिनी, मी शे! लाईन टाक, लवकर! इन्व्हर्टर बसना. तुन्ही सासूनं ब्याऐंशीवर उनं!"

मग ती म्हणाली, "आबा, तार तुटलीय. आपल्या फीडरवर परमिट आहे. सुकरामच्या नावावर. तो परत करत नाही तोवर मला लाईन टाकता येणार नाही."

घरात ती आमच्यासारखीच अहिराणी बोलते. त्या दिवशी माझ्याशी ऑफिसची मराठी. मला असं झोंबलं म्हणून सांगू!

"मंग त्याले फोन कर ना!"

"लावतेय सारखा. बंद येतोय."

सुकराम म्हणजे डोंगरातल्या पाड्याचा लाईनमन. बारीक अंगाचा, तिशीचा, ठेकेदाराकडून लागलेला. मी त्याला ओळखत होतो. आमच्याच विहिरीवरची मोटारलाईन त्याने दोनदा जोडून दिली होती, माझ्या घरचं पाणी प्यायला होता. तरी मी काय बोललो ते सांगतो, लपवत नाही. मी ओरडलो, "कोन शे तो सुकराम? मरना तं मरू दे त्याले! तुन्ही सासू मरी ऱ्हायनी आठे!"

"आबा, ऐका. बॅटरी टिकणार नाही हे माहीत होतं, म्हणून नवनीतकाकांना मी आधीच फोन केलाय, त्यांची पिकअप निघालीय. शेडवर जनरेटर आहे. एकशेआठच्या ॲम्ब्युलन्सलाही सांगितलंय, पण रस्त्यात झाड पडलंय, त्यांना उशीर होईल. आईंना झोपवू नका, टेकून बसवा. मशीनची वायर काढून—"

मला काही ऐकू येत नव्हतं. आकडा एकोणऐंशी. आणि माझ्या तोंडून खोटं निघालं. सरळ, धडधडीत.

"अवं, सुकराम खाले उना! मी सोता देखं! आपला दारमा उभा शे तो! टाक लाईन!"

मला वाटलं, झालं काम.

"मग फोन त्याच्याकडे द्या, आबा," ती म्हणाली.

दारात कोणी नव्हतं. गल्लीत मोडलेली लिंबाची फांदी पडलेली आणि कोणाचं तरी उडून आलेलं गोणपाट. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. ती वाट बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, जोरात चाललेला. माझ्याकडे फोन द्यायला माणूस नव्हता.

"गाडी आली असेल," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता. "बाहेर बघा, आबा." आणि फोन ठेवला.

गाडी खरंच आली होती. नवनीतभाई स्वतः चालवत. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगणात. ते "हिंमतराव" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. सरळ आत आले, अनुसयाला लेकीसारखं उचललं आणि पुढच्या सीटवर टेकून बसवलं. मी मशीन छातीशी धरून मागे. नाक कुठे गेलं, अबोला कुठे गेला, काही कळलं नाही. शेडवर जनरेटर आधीच धडधडत होता. केळीच्या क्रेटांच्या मधे गादी टाकली, नळी लावली. आकडा एकाहत्तर. मी तो आकडा जन्मात विसरणार नाही. मग पंचाहत्तर. मग बराच वेळ पंचाहत्तरच. मग ऐंशी. सत्त्याऐंशी झाले तेव्हा मी पुठ्ठ्याच्या ढिगावर बसून लहान मुलासारखा रडलो आणि नवनीतभाई पाठीवर हात फिरवत राहिले.

अनुसयाचे पहिले शब्द काय असतील? "दामिनीले फोन करा. सांगा, मी बरी शे. पोर एकटी बशेल व्हई तठे."

मी नाही केला. नवनीतभाईंनी केला.

लाईट चारला आली. सुकराम चालत सबस्टेशनला पोचला, सही केली, तेव्हा. काय झालं होतं, तर खांबावर काम करताना त्याचा फोन खालच्या उसात साचलेल्या पाण्यात पडला. काम आटोपून तो खाली उतरला. सोबतच्या हेल्पर पोराने फोन शोधला, सापडला पण बंद. मग मोटारसायकल सुरू होईना. मग शेताच्या कडेला राहणाऱ्या दगूबाईच्या घरी, तिथेही कोणाकडे फोन नव्हता, दोन घोट चहा घेऊन तीन किलोमीटर चालत निघाला. म्हणजे मी फोनवर खोटं बोलत होतो तेव्हा तो खरंच खाली होता! दगूबाईच्या ओसरीवर, बशीत चहा ओतून! मी न बघता जे बोललो ते खरं निघालं. यासारखी शिक्षा नाही.

संध्याकाळी दामिनी घरी आली. चप्पल काढायची शुद्ध नव्हती तिला. सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. अनुसया तिच्या केसांतून हात फिरवत होती. मी बाहेर खाटेवर पाठ करून पडलो. आठ दिवस मी सुनेशी बोललो नाही. ती ताट आणून ठेवायची, मी भिंतीशी बोलायचो, "मीठ कमी शे." हेमकांतने समजावलं, त्यालाही झाडलं.

नवव्या दिवशी ओट्यावर गेलो. विषय तोच चाललेला. एक जण म्हणाला, "हिंमतराव, सून तुमनी दगडनी शे. सुकराम तं चहा पी ऱ्हायंता! वहीपायी सासूले मारी टाकती व्हती."

हेच मी आठ दिवस मनात घोकत होतो, शब्द न शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. मी उठलो, त्याच्या सदऱ्याला हात घातला. "तो चहा पी ऱ्हायंता हाई तुले कव्हय समजनं रे? त्या येळले तुले माहीत व्हतं? कोनले माहीत व्हतं?" लोकांनी सोडवलं. मी घरी येताना वाटेत थांबलो. अरे हिंमत्या, म्हटलं, आपण आत्ता कोणाच्या बाजूने भांडलो?

घरात दामिनी भाकरी थापत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "दामिनी, एक सांग. तुले वाटंच असी ना, का सुकराम उतरी ग्या व्हई?"

ती हात न थांबवता म्हणाली, "हा, वाटे, आबा. शंभरमाईन नव्वद वाटे. आईनं जे व्हई ऱ्हायंतं ते तं डोयासमोर दिखे मले." मग तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "पन तो खाले शे हाई आपलाले चार वाजता समजनं. मी तीन वाजता बसेल व्हतू."

मी खाली बसलो. म्हटलं, भाकरी दे. त्या दिवशी मीठ बरोबर होतं. माझ्या घरात एवढ्या ताकदीचं माणूस पाच वर्षं स्वयंपाक करत, फ्यूज मुठीत धरून बसत होतं आणि मी त्याला खडूस म्हणत होतो. छाती भरून आली म्हणतात ती मला तेव्हा कळली.

पण एक गोष्ट उरलीच होती. रविवारी सुकराम आला. बायकोला घेऊन, डोंगरातल्या आमचुराची एक पिशवी घेऊन. अनुसयाच्या पायाशी बसला. म्हणाला, "आई, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. फोन सांभाळायला पाहिजे होता मी." अनुसयाने त्याला गूळ-पाणी दिलं, मुलं किती, शाळेत जातात का, सगळं विचारलं. दोन मुलं, धाकटी मुलगी पहिलीत. दामिनी त्याच्या बायकोशी बोलत आत बसली होती.

मी ते बघत होतो आणि मला बसवेना. हा माणूस माझ्याच घरात मान खाली घालून माफी मागतोय! मी त्याला बाहेर ओसरीवर बोलावलं.

"सुकराम," म्हटलं, "त्या दिवशी मी फोन केला होता. मी दामिनीला सांगितलं, सुकराम मेला तर मरू दे. आणि वरून खोटं बोललो, की तू खाली उतरलास, मी पाहिलं म्हणून. मी काही पाहिलं नव्हतं. तू वर असतास तरी मी तेच बोललो असतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जाईल. मी त्याला अडवणार नव्हतो.

"आबा," तो म्हणाला, "माझी आई असती, तर मी पण तेच बोललो असतो. खोटं पण बोललो असतो." मग तो हसला, थोडंसंच. "कोणीपण बोलेल. म्हणून तर परमिट घरच्यांच्या हातात देत नाहीत."

आतून दामिनीचा आवाज येत होता, सुकरामच्या बायकोला ती चहात साखर किती ते विचारत होती.

"पण ती घरचीच होती रे, सुकराम," मी म्हटलं.